तलावदुरुस्तीचे वेळापत्रक आणि खातेवहीचा वारसा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यातील माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजार म्हणजे जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या) तलावांची दुरुस्ती तलाव आटल्यापासून मृग लागेपर्यंतच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते. वर तलावाचे नाव, त्याखाली पार (बांध), तुडूम (पाणी सोडण्याचे दार) आणि सलंग (सांडवा), आणि प्रत्येकाखाली झुडपे तोडणे, माती टाकणे, दबाई करणे ही उतरंड अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच उतरंड स्प्रेडशीटच्या ठरीव नमुन्यात भरताना ज्या चुका होतात, त्यांचा दोष सहसा भरणाऱ्याला दिला जातो. वास्तविक त्यांचे मूळ त्या साधनाच्या जन्मकथेत आहे.

कामाचा वेळ आलेखाने दाखवण्याची पद्धत पोलंडचे कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये तयार केली आणि पुढे अमेरिकेत हेन्री गँट यांचे पट्टीचे तक्ते रूढ झाले. कामाचे भाग-उपभाग पाडण्याची शिस्त त्यानंतरची. पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी अमेरिकी नौदलाने १९५८ च्या सुमारास पर्ट ही कामांचा क्रम आणि वेळ आखण्याची पद्धत काढली, १९६२ मध्ये तेथील संरक्षण खाते व नासा यांच्या मार्गदर्शिकेत कार्यविभाजनाची रचना आली आणि १९६८ मध्ये तिचे लष्करी मानक झाले.

स्प्रेडशीट या घराण्यातली नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये आले ते हिशेबाच्या कागदाची जागा घेण्यासाठी, आणि १९८५ चे एक्सेलही त्याच वळणाचे निघाले. खातेवहीत ओळीला आईबाप नसतात. रकमा वर आणि एकूण खाली, एवढीच तिची रचना. म्हणूनच एक्सेलमध्ये ओळींचे गट पाडले की बेरजेची ओळ तपशिलाखाली आहे असे ते गृहीत धरते, तर वेळापत्रकात मुख्य काम वर असते. बेरजेची ओळ खाली असल्याची खूण सेटिंगमध्ये जाऊन काढली नाही, तर गट मिटवायचे चिन्ह भलत्याच ओळीपुढे येते.

क्रमांकांचेही तसेच. रकाना आधी मजकुराचा केला नसेल तर १.१० लिहिल्याबरोबर त्याचे १.१ होते, कारण हिशेबाच्या दृष्टीने शेवटचे शून्य निरर्थक आहे; मग दहावे उपकाम पहिल्याच्या नावाने उभे राहते. मजकूर केला, तरी क्रमवारी लावताना १.१० हे १.२ च्या आधी जाऊन बसते. १.०१, १.०२ असे लिहिण्याची जुनी युक्ती मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. स्पेस देऊन नाव आत सरकवणे मात्र केवळ डोळ्यांचे समाधान, सूत्राला त्यातून काहीच कळत नाही.

सर्वांत महाग पडते ती बेरजेची सवय. समजा, पारीवरची झुडपे १ ते ६ मे, माती ७ ते २१ मे आणि तिच्या मागोमाग दबाई ९ ते २३ मे अशी ठरली आहे. मुख्य ओळीत सर्वांत आधीची सुरुवात आणि सर्वांत उशिराची अखेर घ्यायची, म्हणजे काम २३ दिवसांचे होते. तेथे सवयीने ६, १५ आणि १५ यांची बेरीज पडली की ३६ दिवस दिसतात, अखेर ५ जूनला जाते आणि तुडुमाच्या कामाला कागदावर पावसाळ्यापूर्वी जागाच उरत नाही.