ऑलीचा जनक रॉडनी मलन नव्हे

ऑली म्हणजे स्केटबोर्डवरची, हात न लावता बोर्डासकट मारलेली उडी. ‘ऑली स्केटबोर्डर रॉडनी मलनने शोधली’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, आणि ते चुकीचं आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातला ॲलन गेल्फँड हा पोरगा हात न लावता बोर्डासकट हवेत उडायला लागला. ‘ऑली’ हे त्याचंच टोपणनाव. पण तो उडायचा काँक्रीटच्या खोलगट बोलमध्ये, जिथे वर फेकण्याचं बरंचसं काम बाकदार भिंतच करते.

सपाट जमिनीवर भिंत कुठून आणणार? ते कोडं मलनने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवलं. मागच्या पायाने बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटायची. बोर्ड उसळला की पुढचा बूट बोर्डावर चिकटवलेल्या खरखरीत ग्रिप टेपवर घासत पुढे न्यायचा, म्हणजे बोर्ड हवेतच आडवा होतो. माझ्या मते हे काम मूळ शोधाइतकंच मोठं आहे. आज दिसणारी किकफ्लिप, म्हणजे पायाच्या झटक्याने बोर्ड हवेत लांबीच्या अक्षाभोवती फिरवायची उडी, यातूनच निघाली, आणि ती मात्र मलनचीच.

ऑली रस्त्यावरच्या कठड्यांपर्यंत नेण्याचं श्रेय प्रामुख्याने स्केटबोर्डर मार्क गोन्झालेस आणि नाटास कौपस यांचं. मलन तेव्हा फ्रीस्टाइलमध्येच, म्हणजे सपाट जागेवरच्या कसरतींमध्येच होता. स्ट्रीटकडे, म्हणजे रस्त्यावरच्या कठडे-पायऱ्यांवरच्या स्केटिंगकडे, तो वळला १९९०च्या दशकात.