डोलता पाया

भूकंपात कॉलमसह किंचित कलणारा, एका कडेने जमिनीवरून उचलला जाणारा आणि वरच्या वजनाने पुन्हा जागेवर बसणारा, हिशेबाने लहान ठेवलेला उथळ पाया. एरवी पाया घट्ट धरून धक्क्याची ऊर्जा कॉलमच्या बुडाशी जिरवतात. तिथे सळया ताणल्या जातात, कव्हर म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर सुटतो. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा विरळ असतील तर सळया बाहेर फुगतात आणि कॉलम कललेला तो कललेलाच राहतो. डोलत्या पायात ही झीज मातीच्या वाट्याला येते.

समजा कॉलमवर 100 टन भार आहे आणि पाया 2 मीटर रुंद आहे. कड उचलल्यावर असा पाया जास्तीत जास्त 100 टन-मीटर मोमेंट, म्हणजे उलथवू पाहणारा जोर, पेलेल. टेकलेल्या कडेखाली भार घ्यायला मातीची पट्टी लागतेच. ती रुंदीच्या आठव्या हिश्शाएवढी धरली तर आकडा 87.5 वर उतरतो. कॉलमची ताकद याहून बरीच जास्त ठेवली की धक्का वाढला तरी आधी पाया डोलतो, कॉलम शाबूत राहतो.

1960च्या चिलीतील भूकंपात उंच टाक्या तगल्या, त्यावरून भूकंप-अभियंते हाउसनर यांनी 1963 मध्ये डोलण्याचे गणित मांडले. सारख्याच प्रमाणाच्या दोन ठोकळ्यांत मोठा ठोकळा उलथायला अवघड, हा त्यातला अनपेक्षित निष्कर्ष. न्यूझीलंडच्या साउथ रांगितिकेई रेल्वेपुलाचे (1981) खांब बुडाशी आळीपाळीने पाय उचलतात.

सातारा जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना धरणातील यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 0.63 पट आडवे त्वरण नोंदवले. आकडा धडकी भरवणारा, पण झटके तुटक, झपाट्याने दिशा बदलणारे होते. असे झटके भरभक्कम खांबाला डोलवतात, सहसा पाडत नाहीत. संथ, लांब हेलकावा त्याहून घातक.

खरी अडचण जमिनीची आहे. सांगलीकडच्या कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर असा पाया ठेवू नये. दर डोलण्यागणिक कड रुतते आणि पाया खचतो. पाटणकडच्या पक्क्या खडकावर खचण्याची भीती कमी, मात्र माती दबून ऊर्जा जिरण्याचा फायदाही तिथे मिळत नाही. घट्ट दाबलेला मुरूम त्यातल्या त्यात बरा.

पद्धत मुख्यतः पुलांच्या खांबांसाठी सोयीची. घरांत प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या आडव्या तुळया, सगळे कॉलम बुडाशी बांधून ठेवतात. पाया डोलू लागला की आधी ते बीमच तडकतात.