चांदीच्या जुन्या रुपयात ‘एरर’ वाटतोय? घासू नका, आधी हे वाचा

आमच्या नाण्यांच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न, "दादा, एरर (म्हणजे टाकसाळीत पाडतानाच झालेली चूक) आहे का, किती येतील?" प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

घरोघरी निघतात ते रुपये व्हिक्टोरिया, एडवर्ड नाहीतर पंचम जॉर्जचे. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी 91.67 टक्के. सोनाराकडे वजन करून मगच फोटो पाठवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी 50 टक्केच आहे, त्यामुळे रंग वेगळा दिसला म्हणून तो एरर होत नाही.

मुख्य बघायचं ते हे, की नाण्यावरची रेघ उठलेली आहे का खोल गेलीय. टाकसाळीत डायला, म्हणजे नाण्यावर छाप उठवणाऱ्या साच्याला, तडा गेला की त्या फटीत चांदी शिरते, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. खोल असेल तर बहुतेक वेळा नंतरचा ओरखडा, नाहीतर सराफाने चांदी तपासायला मारलेला टोचा. लाखी, म्हणजे ब्रोकेज, वेगळी. आधीचं नाणं डायलाच चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच ठसा उमटतो, त्यामुळे एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला तोच राजा उलटा आणि खोलगट. दोन नाणी शिकंज्यात दाबून नकली लाखी करणारे पण आहेत, तिथे चांगल्या बाजूचं नाक आणि केस चपटे झालेले सापडतात.

1911 चा ‘डुक्कर रुपया’ एरर नाही. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसायला लागला म्हणून 1912 ला तो बदलला, डिझाइनचा घोळ तो (किंमत मात्र चांगली येते, असेल तर जरूर दाखवा). मराठेशाहीतल्या अंकुशी, चांदवडी रुपयांवर अक्षरं अर्धी कापलेली असतात तेही नेहमीचंच, ठसा मोठा आणि चकती लहान असायची.

आता जिथे आमचा सगळा वेळ जातो ते. लोक नाणं चिंच, राख, टूथपेस्ट लावून लख्ख करूनच आणतात. लक्ष्मीपूजनाला ठीक आहे हो, पण काठ कापलेला असेल तर तो टाकसाळीतच तसा निघाला का नंतर कोणी चांदीसाठी कातरला, हे त्या कापावरच्या काळपटपणावरून बरंच कळतं. कापाच्या जागी चांदी पांढरी आणि बाकी नाणं काळं, म्हणजे नंतरचं काम. घासलंत की दोन्ही सारखंच चमकतं, मग आम्ही भिंगाखाली तासभर बसलो तरी खात्रीने सांगता येत नाही आणि घेणाराही पैसे कापतो.

म्हणूनच फोटोवरून भाव सांगत नाही, लोकांना राग येतो पण इलाज नाही. तपासणीची फी थोडी आहे, नाणं आम्हालाच विकलंत तर तीही परत. आणायचं तर काठाला धरून, साध्या कागदात गुंडाळून, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात अजिबात नको, चांदीला हिरवट चिकटा धरतो. चांगले होल्डर दुकानात आहेतच. आणि आजीच्या हारातला कडीचा रुपया असेल तर कडी तोडून आणू नका, कडी जोडताना दिलेल्या डागाचा गोळा राहतो आणि तोच लोक एरर म्हणून दाखवतात.