द्विदल म्हणजे दोन सभागृहं नव्हेत

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी राज्यशास्त्र शिकवतो. ‘द्विदल राज्यपद्धती म्हणजे काय?’ असं विचारलं की दरवर्षी हमखास उत्तर येतं, ‘दोन सभागृहं, सर.’ नाही. दोन सभागृहांचं ते द्विगृही कायदेमंडळ. द्विदल हा हरभऱ्याचा दाणा आहे: साल एक, आत डाळी दोन. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी, म्हणजे ब्रिटिशांनी केलेल्या राज्यकारभारातल्या बदलांनी, प्रांतांचं सरकारच असं मधोमध उकललं.

एका डाळीत राखीव खाती होती. अर्थ, पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे ही सगळी गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली आणि त्यांचा जाब विचारणार लंडन. दुसऱ्या डाळीत सोपीव खाती: शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, शेती, सहकार, नगरपालिका. ही निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आली. मुंबई इलाख्यात १९२१ साली रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री झाले ते याच व्यवस्थेत. पण खाती अशी सुटी होतात थोडीच! मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी पुढे या सुधारणांची चौकशी करणाऱ्या मुडीमन समितीपुढे सांगितलं, की शेती माझ्याकडे होती, पाटबंधारे नव्हते.

मला सर्वात जास्त गुंतवतो तो पैशाचा भाग. खाती दोन वाट्यांत, पण तिजोरी एकच, आणि अर्थखातं राखीव. म्हणजे शाळा काढायची मंत्र्याने, तिच्या खर्चाची छाननी करायची दुसऱ्या डाळीने. त्यात मेस्टन समितीच्या वाटणीनुसार प्रांतांनी दरवर्षी मध्यवर्ती सरकारला ९ कोटी ८३ लाख रुपये द्यायचे होते. त्यात मुंबईचा वाटा दिसायला लहान, ५६ लाखांचा. पण प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला आणि व्यापारी मुंबईला खरा चटका तिथे बसला. १९२३ मध्ये मुंबईत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, त्यात सक्तीची तरतूद होती, पण पैशाअभावी ती सक्ती फार सावकाश पसरली.

आता मतदान बघा. कौन्सिलने, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाने, राखीव खात्याची खर्चाची मागणी फेटाळली, तर ‘माझ्या जबाबदारीसाठी ही रक्कम आवश्यक आहे’ असं प्रमाणित करून गव्हर्नर ती परत आणू शकत असे. सोपीव खात्यांच्या बाबतीत हा अधिकार फक्त आणीबाणीपुरता. मंत्र्याचा पगार कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतका धरलेला, पण कौन्सिलने त्याहून कमी मंजूर केला तर तो कमी. सभासदाच्या पगाराला मात्र कौन्सिल हात लावू शकत नव्हतं. एकाच सरकारात बसलेल्या दोन माणसांपैकी एकाचाच पगार लोकप्रतिनिधींच्या हातात होता.

नागपुरात हेच कलम बाहेर काढलं गेलं. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला, म्हणजे कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करणाऱ्या पक्षाला, बहुमत मिळालं होतं. १९२४ च्या अर्थसंकल्पात कौन्सिलने मंत्र्यांचा पगार ठेवला वर्षाला २ रुपये. मंत्री पायउतार झाले, आणि गव्हर्नर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खातीही स्वतःकडे घेतली. राखीव खात्यांच्या फेटाळलेल्या मागण्या गव्हर्नरच्या सहीने परत आल्या. पोलीस होते तिथेच राहिले, घाव बसला तो शाळा-दवाखान्यांच्या बाजूला. स्वराज्य पक्षाला दाखवायचं होतं ते हेच: कौन्सिलात कितीही बहुमत मिळवा, तुमचं मत पोचतं ते फक्त एका डाळीपर्यंत.

‘इंग्रजांनी आपल्याला हाताला धरून लोकशाही शिकवली’ असे संदेश हल्ली मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवण्याआधी पगाराचं हे एक कलम तरी वाचावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. सुधारणांतून काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या याच कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. नगरपालिका सोपीव खात्यातल्या होत्या, आणि महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आणि हजारो माणसांना चालत जावं लागलं.