शिल्पकाराची प्लेट

छापचित्रकार कृष्णा रेड्डी यांचं नाव निघालं की पाठोपाठ ‘व्हिस्कॉसिटी’ हा शब्द येतोच. व्हिस्कॉसिटी म्हणजे शाईचा घट्टपातळपणा, आणि त्याच्या जोरावर एकाच प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग छापायचं तंत्र. छापचित्रकला शिकणाऱ्या मुलांना तर हे दोन्ही शब्द जोडूनच पाठ होतात. पण रेड्डी मुळात शिल्पकार होते, आणि तेवढं विसरलं की त्यांचं तंत्र नुसती शाईची करामत वाटायला लागते. धातूच्या पत्र्याकडे ज्याने उथळ शिल्प म्हणून पाहिलं नाही त्याला हे सुचलं असतं, असं मला तरी वाटत नाही.

त्यांच्याआधी रंगीत छपाई कशी होत असे ते मराठी घरांना दाखवायला दूर जावं लागत नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर चढल्या. ही शिळाछपाई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद प्रत्येक दगडावर तंतोतंत त्याच जागी बसवायचा. केसभर सरकला की ओठांचा लाल हनुवटीवर. ‘प्रिंट म्हणजे मूळ चित्राची स्वस्त नक्कल’ हा आपल्याकडचा समजही या सुबत्तेतूनच पक्का झाला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

चित्रकाराने स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं आणि छाप हेच मूळ चित्र मानायचं, ही वाट आपल्याकडे रुजली ती बंगालमध्ये. मुकुल डे १९१६ मध्ये अमेरिकेत जाऊन एचिंग, म्हणजे अ‍ॅसिडने धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापणं, शिकून आले. नंदलाल बोस यांचं दांडीयात्रेचं लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून काढलेलं छाप, १९३० चं. काठी घेतलेले, पाऊल उचललेले ते गांधीजी पाहिले नसतील असा माणूस विरळा. ते छाप नुसत्या काळ्या-पांढऱ्यात आहे, आणि त्याला रंगाची गरज कुणालाच भासली नाही.

याच नंदलालांच्या शांतिनिकेतनात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णा रेड्डी शिकायला आले. जन्म १५ जुलै १९२५, गाव चित्तूर जिल्ह्यातलं नंदनूर. नंदलालांनी निसर्ग बघायला शिकवलं. पान काढायचं तर आधी ते वाढतं कसं ते बघ, अशा धाटणीचं. पण कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाशाळेच्या, आवारात आणखी एक गोष्ट उभी होती. रामकिंकर बैज यांचं ‘संथाळ कुटुंब’ हे १९३८ चं शिल्प. सिमेंट आणि खडी वापरून उभं केलेलं, खडबडीत अंगाचं, उघड्यावरचं. विशीच्या आतल्या मुलाने ते रोज येता-जाता पाहायचं म्हणजे काय, याची कल्पना करावी.

पुढची यादी वाचली की कल स्पष्ट होतो. मद्रासला कलाक्षेत्रात शिकवून झाल्यावर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर, पॅरिसमध्ये ओसिप झाडकीन, नंतर मिलानमध्ये मारिनो मारिनी. तिघेही शिल्पकार. छपाई या यादीत नाहीच. ती आली पॅरिसमधल्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेतून.

ही कार्यशाळा स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज गृहस्थाने १९२७ मध्ये सुरू केली. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, आणि काही वर्षं इराणमध्ये तेल कंपनीत नोकरी केलेला माणूस. अशा माणसाच्या कार्यशाळेत तेल आणि शाई यांचं नातं तपासलं जावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. नावातला १७ हा पॅरिसमधल्या एका जुन्या पत्त्याचा घर क्रमांक. पिकासो, मिरो, जाकोमेत्ती तिथे काम करून गेले. युद्धाच्या काळात कार्यशाळा न्यूयॉर्कला हलली, तिथे जॅक्सन पोलॉकनेही प्लेटा कोरल्या. १९५० मध्ये हेटर पॅरिसला परतले आणि लगेचच्या वर्षांत रेड्डी तिथे पोचले. सोबत आणखी एक भारतीय होते, कायको मोती. मूळ नाव कैकोबाद मोतीवाला, जन्म मुंबईचा. तेही स्लेडमधून आणि झाडकीनच्या हाताखालून आलेले, म्हणजे तेही शिल्पाच्या बाजूने.

व्हिस्कॉसिटीचं तंत्र याच कार्यशाळेतलं. आता प्रत्यक्ष टेबलापाशी जाऊ. समोर जस्ताची प्लेट. अ‍ॅसिडने खाल्लेली, कोरणीने खोदलेली, खरवडलेली. ती सपाट नाही, तिला पातळ्या आहेत: माथा, मधला उतार, तळ. आधी रेघांमध्ये शाई चोळून भरायची आणि वरची जाळीदार कापडाने पुसून काढायची. मग पहिला रोलर, कडक. त्याच्यावरच्या शाईत जवसाचं तेल भरपूर, ती पातळ. कडक रोलर फक्त माथ्यांना टेकतो. मग दुसरा रोलर, मऊ, दाबला की खळग्यांत उतरणारा. त्याची शाई घट्ट, तेल कमी. तो खाली तळाला रंग देतोच, पण जाताना माथ्यांवरूनही फिरतो. आणि तिथे गंमत होते. आधीच तेलकट झालेल्या माथ्यावर घट्ट शाई धरतच नाही. एकाच प्लेटवर तीन रंग शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता. ओला कागद ठेवायचा आणि प्रेसमधून एकदाच काढायचा. दगड बदलणं नाही, कागद पुन्हा जुळवणं नाही.

क्रम उलटा केला तर पातळ शाई घट्ट शाईवर बिनदिक्कत बसते आणि रंग मिसळतात. मऊ रोलर एका फेरीत सगळी प्लेट व्यापेल एवढा मोठा लागतो. नाहीतर दुसरी फेरी जिथे सुरू होते तिथे आडवी रेघ उमटते. म्हणजे तेलाचे चार थेंब, रोलरचा घेर आणि हाताचा दाब, सगळ्यांचा हिशेब एकदम. पण या सगळ्याच्या आधी प्लेटला खोली हवी. सपाट पत्र्यावर हे दोन रोलर काहीच करू शकत नाहीत. रंग कुठे बसणार हे शाई लावताना ठरत नाही, कोरताना ठरतं.

‘व्हर्लपूल’ हे १९६३ चं छाप जवळून पाहिलं की हे कळतं. रेघा भोवऱ्याबरोबर आत ओढल्या जातात आणि रंग त्यांच्या उतारावरून घरंगळल्यासारखे बदलत जातात. १९६८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले, त्यातून ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ आलं. हात वर केलेल्या माणसांचा हा विषय त्यांनी छापातही हाताळला आणि शिल्पातही. नंतर अमेरिकेत लेकीबरोबर पाहिलेल्या सर्कशीतून ‘ग्रेट क्लाऊन’ आला. त्याच्या प्लेटवरून त्यांनी निरनिराळ्या रंगसंगतींचे छाप काढले. प्लेट तीच, विदूषकाचा मूड वेगळा. प्रत म्हणजे नक्कल या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

१९७२ मध्ये पद्मश्री, पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन, १९८८ मध्ये याच पद्धतीवर इंग्रजीत पुस्तक. हा भाग कोशात सापडतो, इथे तेवढं पुरे.

बंगालचे छापचित्रकार आणि शिल्पकार सोमनाथ होर यांची आठवण इथे टाळता येत नाही, कारण ते याच पुलावरून दुसऱ्या टोकाकडून आले. रेड्डी शिल्पाकडून छापाकडे, होर छापाकडून शिल्पाकडे. १९७० च्या दशकात होरांनी मातीच्या थरावर वार केले, त्याचा सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला. शाई नाहीच. पांढऱ्यावर पांढरी जखम. तिथून ते ब्राँझकडे वळले. रेड्डींनी खोलीतून रंग काढला, होरांनी रंग काढून टाकून नुसती खोली ठेवली.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६-१७ मध्ये या परंपरेवर एक प्रदर्शन भरवलं. शीर्षकात तीन नावं होती: हेटर, कृष्णा रेड्डी आणि १९६० च्या दशकात अतेलिए १७ मध्ये शिकलेल्या झरीना हाश्मी. २२ ऑगस्ट २०१८ रोजी रेड्डी न्यूयॉर्कमध्येच गेले, वयाच्या ९३ व्या वर्षी. या तंत्राचं श्रेय आता कधी हेटरच्या नावावर जमा होतं, कधी रेड्डींच्या. मुंबईचे कायको मोती बहुतेक वेळा तळटीपेत असतात.