कोयना: वीज घाटाखाली, पूर घाटावर

पावसाळ्यात कराड-सांगलीकडे सकाळी पेपर उघडला की आधी तीन आकडे बघतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस. मग कोयना धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आवक किती, विसर्ग किती. दरवाजे उचलणार अशी नुसती कुणकुण लागली तरी नदीकाठचे शेतकरी मोटारी वर काढायला धावतात.

मुळात हे धरण पुरासाठी बांधलेलेच नाही. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेत मिसळते. तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेले, तर कोकणात उतरताना पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंची मिळते. हे टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हेरले होते. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत ती योजना बारगळली. काम सुरू झाले १९५४ मध्ये, कोकणातल्या पोफळी वीजगृहाची वीज आली १९६२ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात धरणाला तडे गेले, तरी ते उभे राहिले. पुढे ते आणखी मजबूत केले. सगळे टप्पे धरून प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे.

वीज करून झालेले पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीला जाते, कृष्णेला परत येत नाही. म्हणूनच कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडच्या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पावसाचा जोर वाढला की जादा पाण्याला वाट उरते ती पूर्वेचीच.

खरा पेच इथे आहे. विजेसाठी आणि उन्हाळ्यासाठी १०५.२५ टीएमसीचे धरण पावसाळा संपेपर्यंत काठोकाठ हवे, तर पूर थोपवायला जुलै-ऑगस्टमध्ये त्यात जागा मोकळी हवी. दिवसभर ११,५७४ क्युसेकने (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येत राहिले तर एक टीएमसी भरते. घाटात कोसळू लागला की आवक याच्या कितीतरी पट होते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर सगळा राग सहा वक्र दरवाजांवर निघाला. मला तो अर्धाच रास्त वाटतो. धरणाखालचा पाऊस, वारणा, पंचगंगा यांना कोयनेचे दरवाजे अडवू शकत नाहीत. पण पाणी किती आणि केव्हा सोडणार, हे काठावरच्या माणसाला वेळेत कळायलाच हवे.

उन्हाळ्यात याच पाण्याची वाट पाहिली जाते. धरणाच्या पायथा वीजगृहातून सुटलेले पाणी नदीने खाली येते आणि टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या पंपांनी उचलून खानापूर, आटपाडीच्या माळावर चढवले जाते.