प्रोपेलरचा रेटा व टॉर्क : गणनपद्धती

फिरणारा प्रोपेलर हवा किंवा पाणी मागे लोटतो. त्याची अक्षाच्या दिशेने मिळणारी प्रतिक्रिया म्हणजे रेटा, आणि प्रोपेलर फिरता ठेवण्यासाठी दंडाला द्यावा लागणारा पीळ म्हणजे टॉर्क. पदवीच्या द्रायुयामिकीत (द्रव व वायूंच्या यामिकीत) या दोन राशी तीन वाटांनी काढतात : चाचणीतून मिळालेल्या गुणांकांवरून, संवेग सिद्धांताने (प्रोपेलरमधून जाणाऱ्या प्रवाहाच्या संवेगातील बदलावरून) आणि पाते-घटक सिद्धांताने (पात्याच्या एकेका तुकड्यावरील बलांवरून). तिन्ही वाटा एकाच प्रोपेलरवर लावून पाहिल्या की प्रत्येकीची मर्यादा कळते.

इतिहास : संवेग सिद्धांताचे श्रेय कोणाचे, याबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. रँकिन यांनी १८६५ मध्ये जहाजांच्या प्रोपेलरांसाठी संवेगाचा हिशेब मांडला, म्हणून पुष्कळ ग्रंथ सिद्धांताला रँकिन–फ्रूड हे जोडनाव देतात. यातले फ्रूड कोणते, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. विल्यम फ्रूड यांचा १८७८ चा निबंध पात्याच्या तुकड्यावरील बलांविषयी आहे. प्रोपेलरच्या जागी कल्पिलेली, दाब एकाएकी वाढवणारी पातळ चकती ही कल्पना त्यांचे पुत्र रॉबर्ट एडमंड फ्रूड यांच्या १८८९ च्या निबंधात स्पष्ट होते. चकतीपाशी होणारी वेगवाढ मागच्या झोतातील अंतिम वेगवाढीच्या निम्मी असते, हा निष्कर्ष त्यामुळे पुत्राच्या नावे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. पाते-घटक पद्धतीचे श्रेयही असेच विभागलेले आहे. बीज विल्यम फ्रूड यांचे. तिला पद्धतशीर गणनेचे रूप १८९० च्या दशकापासून द्झेव्हिएत्स्की यांनी दिले. त्यांच्या मांडणीत प्रोपेलरने स्वतः ओढून घेतलेला वेग, म्हणजे प्रेरित वेग, धरलेला नव्हता. ही उणीव भरून काढताना दोन्ही सिद्धांत एकमेकांना जोडले गेले. बेट्झ यांच्या १९१९ च्या निबंधाला जोडून प्रांटल यांनी टोकाच्या हानीची (पात्याच्या टोकाशी बल घटते त्याची) दुरुस्ती दिली, १९२९ मध्ये गोल्डस्टाइन यांनी तिची अधिक काटेकोर उकल केली, आणि ग्लाउअर्ट यांनी जोड-पद्धतीला आजचे पाठ्यपुस्तकी रूप दिले.

गुणांकांवरून : रेटा = रेटागुणांक × घनता × फेरे² × व्यास⁴. शक्ती = शक्तिगुणांक × घनता × फेरे³ × व्यास⁵. टॉर्क म्हणजे शक्ती भागिले २π × फेरे. यातले फेरे दर सेकंदाचे. गुणांक स्थिर नसतात. ते अग्रगती गुणोत्तरावर, म्हणजे वेग ÷ (फेरे × व्यास) या संख्येवर, अवलंबून असतात.

उदाहरणादाखल २ मी. व्यासाचा, दोन पात्यांचा विमानी प्रोपेलर घेऊ. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४०; विमानाचा वेग ५६ मी./से.; घनता १.२२५ किग्रॅ./घमी. अग्रगती गुणोत्तर ०.७० येते. तिथे आलेखावरून रेटागुणांक ०.०५५ व शक्तिगुणांक ०.०४८ मिळाले असे धरल्यास रेटा सुमारे १७२५ न्यूटन, शक्ती १२०.४ किलोवॅट व टॉर्क ४७९ न्यूटन-मीटर येतो. कार्यक्षमता ०.७० × ०.०५५ ÷ ०.०४८, म्हणजे ०.८०. पडताळा म्हणून रेटा व वेग यांचा गुणाकार शक्तीने भागून पाहावा. तीच संख्या यायला हवी.

संवेग सिद्धांताने : रेटा = २ × घनता × चकतीचे क्षेत्रफळ × (वेग + प्रेरित वेग) × प्रेरित वेग. वरच्या प्रोपेलरचे क्षेत्रफळ ३.१४ चौ. मी. असल्याने हे वर्गसमीकरण सोडवून प्रेरित वेग ३.७५ मी./से. मिळतो. चकतीतून हवा ५९.७५ मी./से. वेगाने जाते, झोताचा अंतिम वेग ६३.५ मी./से. होतो. बर्नुली समीकरणाने चकतीवरील दाबवाढ ५४९ पास्कल येते आणि रेटा ÷ क्षेत्रफळ हेही तेवढेच भरते. बर्नुली समीकरण चकतीच्या पुढे एकदा व मागे एकदा असे वेगवेगळे लावायचे असते. चकतीच्या आरपार ते लागू पडत नाही, कारण तिथे हवेला बाहेरून ऊर्जा मिळते; लावलेच तर दाबवाढ शून्य येते.

आदर्श कार्यक्षमता ५६ ÷ ५९.७५, म्हणजे ०.९४. आदर्श शक्ती १०३ किलोवॅट आणि तिच्यावरून टॉर्क ४१० न्यूटन-मीटर. प्रत्यक्षातल्या ४७९ शी असलेला ६९ न्यूटन-मीटरचा फरक म्हणजे पात्यांची ओढ, झोताचे फिरणे आणि टोकाशी होणारी हानी. साध्या संवेग सिद्धांतात पातीच नसल्यामुळे त्याच्या उत्तराला टॉर्कची खालची सीमा समजावे; गृहपाठात तेच अंतिम उत्तर म्हणून लिहिणे चूक आहे.

विमान उभे असताना रेटा = शक्ती ÷ वेग हे सूत्र अनंत उत्तर देते. तेव्हा रेट्याचा घन = शक्ती² × २ × घनता × क्षेत्रफळ हे आदर्श सूत्र घ्यावे; १२०.४ किलोवॅटला त्याने जास्तीत जास्त ४.८ किलोन्यूटन मिळतात.

पाते-घटक पद्धतीने : पात्याचे त्रिज्येच्या ०.२ पासून टोकापर्यंत १५ ते २० तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर सापेक्ष वेग व प्रवाहकोन (त्या वेगाचा फिरण्याच्या प्रतलाशी होणारा कोन) काढून, बैठक-कोनातून (पात्याच्या त्याच प्रतलाशी होणाऱ्या कोनातून) प्रवाहकोन वजा केला की आघातकोन, म्हणजे पाते व प्रवाह यांतला कोन, मिळतो. त्यावरून उत्थापन (प्रवाहाला लंब बल) व ओढ (प्रवाहाच्या दिशेचे बल). रेट्यात उत्थापन × प्रवाहकोनाचा कोसाइन वजा ओढ × साइन जाते. टॉर्कमध्ये उत्थापन × साइन अधिक ओढ × कोसाइन, आणि सगळ्याला त्रिज्येने गुणायचे.

प्रेरित वेग सोडला तर काय होते, हे ०.७५ त्रिज्येवर दिसते. तिथे परिभ्रमणाचा वेग १८८.५ मी./से. आहे. प्रेरित वेगाशिवाय प्रवाहकोन १६.५ अंश, त्याच्यासह १७.६ अंश. एका अंशाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण पातळ छेदाचा उत्थापनगुणांक दर अंशाला साधारण ०.१ ने बदलतो. मूळ गुणांक ०.५ च्या आसपास असेल तर त्या तुकड्याचे उत्थापन एकपंचमांशाने फुगते. द्झेव्हिएत्स्कींच्या मांडणीतली उणीव ती हीच.

म्हणून गणना फेऱ्याफेऱ्यांनी करावी लागते : प्रेरित वेग शून्य धरून रेटा काढायचा, तोच रेटा संवेग सिद्धांतात घालून नवा प्रेरित वेग मिळवायचा, दोन फेऱ्यांतला फरक नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवायचे. उत्तर हेलकावे खाऊ लागले तर जुन्या व नव्या मूल्यांची सरासरी पुढे न्यावी. पवनचक्कीच्या पुस्तकातली सूत्रे जशीच्या तशी उचलू नयेत. पवनचक्की प्रवाह मंदावते, त्यामुळे तिथे प्रेरित वेगाचे चिन्ह उलट असते.

नेहमीच्या चुका : फेरे मिनिटाचेच ठेवल्यास रेटा व टॉर्क ३६०० पट, शक्ती २,१६,००० पट येते. हेलिकॉप्टरच्या ग्रंथांत रेटागुणांकाची व्याख्या वेगळी असते. क्षेत्रफळ व टोकाचा वेग वापरणाऱ्या त्या व्याख्येतला गुणांक इथे आणताना ७.७५ ने गुणावा लागतो. पात्यांची संख्या दोनदा गुणली जाणे, कोन अंशात असताना संगणकाने रेडियन धरणे, हेही वारंवार घडते. टोकाचा वेगही तपासावा : वरच्या उदाहरणात तो अग्रगतीसह २५७ मी./से., म्हणजे ध्वनिवेगाच्या सुमारे तीनचतुर्थांश आहे. फेरे आणखी बरेच वाढवले तर टोकाशी आघात-तरंग उठून ओढ वाढते आणि साधे गुणांक लागू पडत नाहीत.

जहाजांसाठी : सूत्रांचा साचा तोच, शक्तीऐवजी टॉर्कगुणांक थेट देतात. नेदरलँड्समधील वाखेनिंगेनच्या बी-मालिकेची (चाचणी घेतलेल्या प्रोपेलरांच्या एका प्रमाणित मालिकेची) बहुपदे १९७५ पासून उपलब्ध आहेत. वेग मात्र जहाजाचा घ्यायचा नसतो. जहाजाच्या मागे ओढले जाणारे पाणी वजा करून प्रोपेलरपाशी उरणारा वेग घ्यावा लागतो. पात्यावरील दाब बाष्पदाबाखाली गेल्यास कॅव्हिटेशन (पाण्यात बाष्पाचे बुडबुडे तयार होणे) होऊन रेटा घसरतो, आणि ते या गुणांकांत धरलेले नसते.